ग्रुपवर पडलेलं आधार कार्ड

बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शाळेचे दाखले, काहीही असो, कागद आधी व्हॉट्सॲपवर येतात आणि माणूस मागून. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आधार आणि बँक पासबुकांचे फोटो खेड्यापाड्यांतून थेट माझ्या नंबरवर पडत होते. पाठवणाऱ्या कितीतरी बायकांना मी ओळखतही नव्हतो, पण त्यांचे खाते क्रमांक माझ्या गॅलरीत होते.

सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पार कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जातात. लेकरं म्हातारीजवळ राहतात. रात्री कोपीतून व्हिडिओ कॉल लागला की आईला लेकराचं तोंड दिसतं. आगाऊ घेतलेल्या उचलीपायी कुणाला डांबून ठेवलं, तरी भावकीच्या ग्रुपवर आवाज पोचवता येतो.

पण ऊसतोडीची टोळी जुळवतानाचे ग्रुप बघा. नवरा-बायकोचा फोटो, आधार, कधी पासबुकही सगळ्यांसमोर पडलेलं असतं. व्हॉट्सॲप सांगतं की पाठवलेलं कुलूपबंद असतं, मधल्या कुणाला वाचता येत नाही. खरं आहे. पण ग्रुपमधले अडीचशे फोन मधले नाहीत, ते पोचायचं ठिकाणच आहेत. तिथं फोटो उतरतो, मग तो फोन दुरुस्तीला जातो, विकला जातो, नाहीतर पोराच्या हाती लागतो. बोगस पीकविम्यात आमचा जिल्हा राज्यभर गाजला, सरकारी जमिनीवरही विमे उतरवल्याची प्रकरणं निघाली. सातबारा ऑनलाइन कुणालाही दिसतो. त्याला जोडायला दुसऱ्याचं आधार आणि पासबुक मिळवणं किती अवघड आहे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारू नका.

कागदांचं जे होतं, तेच इतर फोटोंचंही होतं. मस्साजोग हे गाव आमच्याच तालुक्यातलं. सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. ते प्रकरण राज्यभर पोचलं, यात मोबाइलवरून फिरलेल्या बातम्यांचा वाटा मोठा होता. ३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी आरोपपत्रातले मारहाणीचे फोटो बाहेर आले. दुसऱ्याच दिवशी या प्रकरणावरून टीकेचे धनी झालेल्या धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. फोटो बाहेर आले नसते तर एवढं झालं असतं का, असं लोक विचारतात, आणि मला त्यावर वाद घालायचा नाही. पण त्यानंतर तेच फोटो स्टेटसला ठेवणं, गाणं लावून त्यांची रील करणं, याचा न्यायाशी काय संबंध? देशमुखांच्या घरात शिकणारी लेकरं आहेत आणि त्यांच्याही हातात मोबाइल आहे.

कंपन्या आपली माहिती विकतात, अशी ओरड आपण करतो. करावीच. पण केजच्या बाईचा आधार नंबर अमेरिकेतल्या कंपनीपेक्षा गावातल्या ग्रुपवरून लवकर फुटतो. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा २०२३ चा कायदा आहे, मात्र वैयक्तिक आणि घरगुती कामासाठी केलेल्या वापराला तो लागूच नाही. म्हणजे भावकीच्या ग्रुपला तो काही विचारणार नाही.

आधारच्या संकेतस्थळावर मास्क्ड आधार फुकट मिळतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. जिथं चालेल तिथं तेच द्या. कागद ग्रुपवर टाकू नका, ज्याला हवेत त्यालाच पाठवा. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, फॉर्म भरून झाला की गिऱ्हाईक समोर उभं असतानाच त्याचे फोटो फोनमधून काढून टाका. गिऱ्हाइकांनीही ते काढल्याशिवाय दुकानातून हलू नये.