आयझॉलचा हक्क

व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेची न्यायबुद्धी पाहावयाची झाल्यास अजिंक्यपदाच्या सोहळ्याकडे न पाहता गुणतक्त्याच्या तळाकडे पाहावे. कारण जो तळाशी राहिला त्याने खालच्या श्रेणीत उतरावे आणि खालून जो लायक ठरला त्याने त्याची जागा घ्यावी, हा नियम जेथे निरपवाद पाळला जातो, तेथेच लहान गावातील संघाला मोठ्या शहरातील संघाशी बरोबरीच्या हक्काने उभे राहता येते. हा नियम आपल्याकडे किती सैलपणे हाताळला गेला, हे आय-लीग या राष्ट्रीय साखळीच्या २०१६-१७ च्या हंगामाने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या हंगामाने केले असेल.

त्या आधीच्या हंगामात नऊ संघांत मिझोरामचा आयझॉल आठवा आला होता आणि शेवटचा होता आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. परंतु थेट प्रवेशाच्या सवलतीने आलेल्या पुण्याच्या संघास पदावनतीतून सूट देण्याची तरतूद असल्याने गदा आली ती आयझॉलवर. आणि महाराष्ट्रीय वाचकाने हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे की, तो अन्याय आपल्या संघाच्या पदरी पडलेल्या सवलतीतून घडला. पुढे आय-लीगला खालच्या श्रेणीत ढकलणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या योजनेवर नाराज होऊन गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या संघांनी अंग काढून घेतले, जागा रिकाम्या झाल्या, आणि आयझॉलला परत बोलावणे आले.

या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले खालिद जमील यांनी. मुंबई एफसीचा कारभार अनेक वर्षे सांभाळल्यानंतर त्या संघाने त्यांना नुकताच निरोप दिला होता. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईच्या मैदानांवर वावरलेले खेळाडूही आयझॉलच्या चमूत होते. २२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलच्या राजीव गांधी मैदानावर बलाढ्य मोहन बागानविरुद्ध सामना गोलशून्य बरोबरीकडे झुकत असताना, ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि अजिंक्यपदाचे पारडे फिरविले. आठवड्याभराने शिलाँगमध्ये बरोबरी पुरेशी होती. यजमान शिलाँग लाजाँग संघाला त्याच्या डिका या खेळाडूने प्रारंभीच आघाडी मिळवून दिली, आणि दुसऱ्या सत्रात आयझॉलच्या विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. आयझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६! ईशान्य भारतातील संघ प्रथमच देशाचा विजेता ठरला, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी राहिला.

इतके होऊनही इंडियन सुपर लीग या दुसऱ्या राष्ट्रीय साखळीचे दार या विजेत्यासाठी उघडले नाही. तेथील जागा गुणांनी मिळत नव्हत्या. आयझॉलला निषेध नोंदवावा लागला, उपोषणाचा इशारा द्यावा लागला. ज्याचा हक्क मैदानावर सिद्ध झाला त्याने पुन्हा अर्ज-विनंत्या कराव्यात, ही मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वाटते.

भांडवल गुंतविणाऱ्यास स्थैर्याची हमी हवी, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु ज्या पुणेकर संघाला ही हमी मिळाली, तो २०१६-१७ च्या हंगामानंतर स्पर्धेतून बाहेर पडला; आणि ज्या आयझॉलला कोणतेही अभय नव्हते, तो २०२४-२५ मध्येही आय-लीगमध्ये खेळत होता. म्हणजे संघ जगतो तो मुख्यतः त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या नगराच्या बळावर, आणि सवलतीची सनद त्या बळाची जागा घेऊ शकत नाही.

पुढे पंजाब आणि मोहम्मेडन हे आय-लीगचे विजेते सुपर लीगमध्ये चढले, हे योग्यच झाले; मात्र २०२४-२५ पर्यंत सुपर लीगमधून गुणतक्त्याच्या निकालाने एकही संघ खाली उतरला नव्हता. महासंघाने पदावनतीचे कलम नियमावलीत घालून त्याची अंमलबजावणी करावी, आणि त्यातून कोणासही सूट देऊ नये, मग तो संघ मुंबईचा असो वा गोव्याचा.