पेटी उघडण्याचे धैर्य

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ची अट आधीच घातलेली असल्याने, उत्तम चालणारे असंख्य संगणक एका दिवसात 'कालबाह्य' ठरले. विक्रेता म्हणाला, नवा घ्या. आपण मुकाट्याने खिशात हात घातला. स्वदेशीवर तासभर बोलू शकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या पेटीचे झाकण उघडून पाहिले?

संगणक स्वतः जुळवावा, असे सुचविताच ठरलेला आक्षेप येतो. प्रोसेसर इंटेलचा वा एएमडीचा, मदरबोर्ड बहुधा तैवानी कंपनीचा; मग यात स्वदेशी ते काय? आक्षेपकांनी पुण्याच्या सी-डॅकचा इतिहास आठवावा. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक नाकारला, १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्युटर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते! भाग परके होते. त्यांना एकत्र राबविण्याची विद्या आपली होती. भारतीय चिप घरोघरी पोहोचेल तेव्हा पोहोचेल. स्क्रू-ड्रायव्हर हाती धरण्यासाठी तोवर थांबायचे काय?

काम अवघड नाही. नवशिक्या अडतो तो निवडीत. प्रोसेसर आणि मदरबोर्डचे सॉकेट जुळावे लागते. डीडीआर-४ ची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही. शेजारी एक जाणकार बसला, तर हे सारे एका दुपारचे काम. आपल्याकडील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनी हेच व्रत चालविले: अनोळखी माणसाचा संगणक पुढ्यात घेऊन, एक पैसाही न घेता, त्याला शिकविणे. याला सेवाकार्य नाही तर काय म्हणावे?

आणि येथेच आपण मागे आहोत. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली केव्हाच स्वीकारली. तेथील डाव्यांशी आपले मतभेद जगजाहीर आहेत. म्हणून त्यांच्या काळात झालेले चांगले काम नाकारणे हा कोतेपणा ठरेल. सी-डॅकनेच सिद्ध केलेली 'बॉस' ही प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे, तिच्यात मराठीची सोय आहे. आपल्या संस्थांच्या किती शाळांत ती दिसते? उलट 'कालबाह्य' यंत्रे भंगारवाल्याला देऊन नव्यांसाठी देणगीदार शोधण्याचे काम मात्र उत्साहाने चालू आहे. त्यांतील दोन यंत्रे येत्या रविवारी टेबलावर मांडा, आणि वस्तीतील मुलांच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर द्या.