पाण्याला वाट द्या

ऑस्ट्रेलियात एका चिमुकल्या प्राण्यासाठी सरकारने रस्त्याखालून बोगदा काढला आहे. माउंटन पिग्मी पॉसम हे त्याचे नाव. उंदराएवढा, जेमतेम ४५ ग्रॅम वजनाचा, पोटाला पिशवी असलेला. १८९५ मध्ये शास्त्रज्ञांना त्याची ओळख पटली ती नुसत्या जीवाश्मांवरून. जिवंत पॉसम सापडला थेट १९६६ मध्ये, व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट हॉथमवर, बर्फावर खेळायला येणाऱ्यांच्या एका झोपडीत. शिळांच्या फटींत राहायचे, बोगाँग पतंग, बिया आणि रानफळे खाऊन चरबी साठवायची आणि हिवाळाभर बर्फाखाली झोपायचे, असा त्याचा क्रम. रस्ता झाला आणि नरांची व माद्यांची वस्ती तुटली. तेव्हा १९८०च्या दशकात रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा केला गेला आणि नरांची ये-जा पुन्हा सुरू झाली. पुढे २०१७च्या सुमारास दुष्काळात पतंगच आटले. उजेडाला भुलून पतंग वाट चुकतात, म्हणून तिथल्या प्राणिसंग्रहालयांनी लोकांना घरचे नको असलेले दिवे मालवायला सांगितले. प्राण्याची वाट आणि त्याचे अन्न या दोन गोष्टी राखल्या, की बाकीचे तो स्वतः पाहतो.

नवी मुंबईत फ्लेमिंगोंचे अन्न आणि आसरा या दोन्ही गोष्टी पाण्यातून येतात. ठाणे खाडीला भरती आली, चिखल बुडाला, की फ्लेमिंगो नेरुळच्या डीपीएस तलावात आणि शेजारच्या टी. एस. चाणक्य, एनआरआय पाणथळींत उतरतात. लहान फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक गाळणीत अडकलेले नील-हरित शेवाळ गिळतो. पंखांचा गुलाबी रंगसुद्धा या खाण्यातूनच येतो. म्हणजे भरतीचे पाणी अडले की ताटही गेले आणि आसराही.

२०२४ मध्ये नेमके तेच झाले. जेट्टीच्या बांधकामात पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तीसेक एकरांचा तलाव सुकला आणि परिसरात फ्लेमिंगो मरून पडल्याच्या, रस्त्यावर भरकटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्या वेळी शहराच्या भिंतींवर मात्र गुलाबी पक्षी रंगवलेले होते आणि ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरवणे चालूच होते.

ज्यांना पक्ष्यांचे सोयरसुतक नाही, त्यांनी निदान विमानांचा विचार करावा. २० मे २०२४ रोजी घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या पाणथळी नष्ट झाल्या तर पक्षी विमानतळाच्या बाजूला सरकतील, असा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आधीच देऊन ठेवला आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलाव ‘संवर्धन राखीव’ करायला मंजुरी दिली, हे चांगलेच झाले. पण मंजुरीने तलाव भरत नाही, तो भरतीने भरतो. सिडको, महापालिका आणि वन खाते यांच्यात चेंडू टोलवण्याचा खेळ या शहराने पुष्कळ पाहिला आहे. आता तलावात पाणी येण्याची प्रत्येक वाट नकाशावर दाखवावी, तिची सफाई कोणाकडे ते ठरवावे आणि पाण्याची पातळी नियमितपणे लोकांसमोर ठेवावी. उधाणाच्या दिवशीही तलावात पाणी चढले नाही, तर जाब कोणाला विचारायचा, त्या अधिकाऱ्याचे पद आजच जाहीर करा.