होडी थरथरते, पण कुठून?

मुलांनो, आपल्या नायगाव स्टेशनवरून गाडी भाईंदरकडे निघाली की वसईची खाडी लागते आणि खाडीत पाणजू बेट दिसतं. पाणजूकरांचं नायगावला येणं-जाणं वर्षानुवर्षं होडीनंच होत आलंय. इंजिनाच्या होडीत बसलात की फळीची धडधड थेट दाढांपर्यंत पोचते, हो ना? ती नेहमीचीच. पण एखाद्या दिवशी ती जास्त झाली, तर आपण म्हणतो, ''आज जरा जास्तच हलतंय!'' आणि गप्पा मारू लागतो. होडीवाल्याला मात्र कारण शोधावंच लागतं. ओहोटीच्या ओढीत मधेच इंजिन बंद पडलं, तर होडी पुलाच्या खांबांवर जायची भीती.

आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या पूर्वी शिडावर चालत, स्वातंत्र्यानंतर हळूहळू त्यांच्यावर डिझेल इंजिनं बसली. उलट, शिडावर जग फिरणाऱ्या बोटींच्या पोटातही इंजिन असतं बरं का! कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती शिडाची बोट, पण बंदरात शिरायला, निघायला अशा बोटींनाही इंजिन लागतं. आज आपण शीड आणि इंजिन दोन्ही असलेली बोटच तपासायला घेऊ. ते का, ते पुढं कळेल.

आधी थोडं गणित. (नाकं मुरडू नका!) समजा, इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतंय. गिअरबॉक्स तो वेग निम्मा करतो. म्हणजे पाण्यातला पंखा मिनिटाला ९०० फेरे फिरतो, सेकंदाला १५. पंख्याचं एक पातं वाकलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसणार. सेकंदाला १५ हिसके.

आता दुसरा संशयित. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांत एकदा डिझेल पेटतं. एखादा सिलिंडर पेटेनासा झाला, की मेकॅनिक म्हणतात, ''इंजिन मिसिंग मारतंय.'' मग १८०० भागिले २, म्हणजे मिनिटाला ९०० वेळा जोर हुकणार. सेकंदाला किती? पुन्हा १५!

दुखणी दोन, आणि हाताला लागणारी थरथर मात्र एकच. म्हणून नुसता हात ठेवून ''पंखाच गेलाय'' असं ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आधी प्रयोग करावा.

पहिला प्रयोग धक्क्याला बांधलेल्या बोटीवर. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि इंजिन तेवढ्याच वेगानं फिरवायचं. पंखा थांबलेला असतो. तरीही बोट तशीच थरथरली, तर खोट इंजिनात किंवा ते ज्यावर बसवलंय त्या रबरी माउंटिंगमध्ये. शांत झाली, तर संशय पंख्याकडे आणि त्याच्या दांड्याकडे, म्हणजे शाफ्टकडे वळतो. पण नुसता वळतोच हं! काही इंजिनं ओझं पडल्यावरच मिसिंग मारतात.

इथं शीड कामाला येतं. बोट चांगल्या वाऱ्यावर न्यायची, शीड उभारायचं आणि इंजिन चक्क बंद करायचं. पाण्याच्या प्रवाहानं पंखा आपोआप फिरतो. (काही गिअरबॉक्सना असं फिरणं सोसत नाही, म्हणून आधी इंजिनाची पुस्तिका बघायची.) इंजिन बंद असूनही पायाखाली टकटक लागली, तर बिचाऱ्या इंजिनावरचा आळ गेला! मात्र काहीच लागलं नाही, म्हणून पंखा निर्दोष ठरत नाही. शिडावर तो सावकाश फिरतो, लहानसा दोष लपून राहतो.

आणखी एक प्रश्न मला तर या सगळ्यांहून मोलाचा वाटतो. थरथर अचानक आली की हळूहळू वाढली? कालपर्यंत ठीक आणि आज अचानक, तर बहुधा पंख्याला जाळ्याचा तुकडा, दोरी नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली असते. आपल्या खाडीत पिशव्यांना काय तोटा! इंजिन पूर्ण बंद करूनच ती कापून काढतात. हळूहळू वाढलेली थरथर बहुधा झिजेची असते.

पावसाळ्यात वर ओढलेली बोट पुन्हा पाण्यात उतरली आणि थरथरू लागली, तर कपलिंग बघायचं. कपलिंग म्हणजे इंजिनाकडची आणि शाफ्टकडची अशा दोन चकत्या एकमेकींना बोल्टनं जोडलेल्या. बोल्ट काढून त्यांच्यामधली फट फिलर गेजच्या पातळ पत्तीनं चारी बाजूंनी मोजतात. ती सारखी हवी. हे माप बोट पाण्यात तरंगत असतानाच घ्यायचं, कारण जमिनीवर टेकलेल्या बोटीचा आकार किंचित बदललेला असतो. शाफ्ट असाच वाकडा फिरत राहिला, तर तो जिथून बाहेर जातो तिथलं पॅकिंग झिजतं आणि पाणी आत येऊ लागतं.

आणि फक्त सावकाश चालताना थरथर, वेग वाढला की गायब? मग एसटी आठवा. स्टँडवर उभ्या एसटीच्या काचा कशा खडखडतात, आणि गाडीनं वेग घेतला की गप्प! प्रत्येक वस्तूची हलण्याची आपली एक लय असते. इंजिनाची लय तिच्याशी जुळली की थरथर वाढते. याला अनुनाद म्हणतात. माउंटिंगचं रबर डिझेलनं फुगलं किंवा फाटलं, की ही लय बदलते आणि नको त्या वेगाला जुळते.

हे घरी बघता येईल. सायकल मोठ्या माणसाच्या मदतीनं उलटी उभी करा. पुढच्या चाकाच्या एकाच आरीला, रिमजवळ, ओला रुमाल घट्ट बांधा. चाक जोरात फिरवून हात दूर घ्या आणि दुसऱ्या टोकाला, सीटवर तळवा ठेवा. चाक मंदावत जाताना सीट कधी जास्त थरथरते? रुमाल दोन फडक्यांत वाटून समोरासमोर बांधला तर काय होतं? वहीत लिहून ठेवा.