मातीची तपासणी केली, घरधनिणीची राहिली



पीक निघाले की शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यावेत, माती एकत्र करावी, त्यातील अर्धा किलो नमुना तपासणीला द्यावा. नोकरी लागल्यापासून हे मी गावोगाव सांगत आलो. जमिनीतून पीक काढतच राहिलो आणि परत काही घातले नाही, तर ती एक दिवस थकते. आज मात्र हे घरधनिणीविषयी सांगायचे आहे, आणि आधी स्वतःची चूक कबूल करून.

गेल्या पावसाळ्यात आमची सौ. न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर घसरली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावे याचे मला नवल वाटले. डॉक्टरांना वाटले नाही. त्यांनी मला विचारले, ‘वय किती? पाळी थांबून किती वर्षे झाली? जेवणात काय असते?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले. पुढच्या दोन्हींचे नाही.

घरी आल्यावर कळले. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. एका लग्नात कोणी तरी ‘वहिनी, अंगाने बऱ्याच सुटलात की,’ असे म्हणाले, तेव्हापासून ती रात्रीची भाकरी खात नव्हती. दूध तर घरात सर्वांना वाढून उरले तरच.

मी म्हणालो, ‘अगं, मला सांगायचं नाहीस का?’

‘अहो, तुम्ही कधी विचारलंत?’ ती म्हणाली.

भगिनींनो, साधारण 45 ते 50 या वयात पाळी थांबते. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांतील चुना झपाट्याने कमी होतो. याच काळात चरबी पोटाकडे साठू लागते. हा शरीराचा क्रम आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. उपास धरून किंवा एक वेळ जेवण तोडून पोट उतरवू पाहिले, तर चरबीबरोबर अंगातील स्नायूही झिजतात. कमी करायचे तर दिवसभराच्या चहातील साखर, फरसाण आणि तळण कमी करावे. भाकरी, डाळ आणि भाजी तोडू नये.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते जेमतेम 25 ते 30 असते, नाचणीच्या पिठात सुमारे 350. म्हणून आमच्या माण भागातील भगिनींनी याच जिल्ह्यातील पाटण-जावळीकडची नाचणी आणावी आणि रोजच्या दोन भाकऱ्या तिच्या कराव्यात. तिळाच्या चटणीतून दहा ग्रॅम तीळ पोटात गेले, तर 100 च्या वर मिळते. कपभर दुधातून 200 च्या वर. शेवग्याच्या पाल्याची भाजीही मोठी गुणाची. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

‘दिवसभर राबते, मला आणखी व्यायाम कशाला?’ असे पुष्कळ भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु दिवसभर वाकून खुरपल्याने कंबर आणि गुडघे दुखतात, सर्व अंगाला बळ येतेच असे नाही. म्हणून सकाळी पाच मिनिटे काढावीत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीला तळहात लावून दहा वेळा अंग पुढे-मागे करावे. भिंतीचा आधार घेऊन दहा वेळा टाचा उचलाव्यात. दुखले तर थांबावे.

बंधूंनो, आता तुमच्याकडे वळतो. आपण फवारणीचा पंप नवा आणतो, बाईच्या हाती खुरपे तेच राहते. ओळीतल्या पिकाला उभ्याने चालवायचे सायकल कोळपे घ्या. कापणीला दातेरी वैभव विळा द्या. पाण्याची एक जड घागर असेल, तर तिच्या जागी दोन लहान कळश्या करा, आणि त्यातली एक तुम्ही उचला.

आणखी एक गोष्ट. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. काही आजारांत ही शस्त्रक्रिया गरजेची असते. परंतु ‘पिशवी काढली की कटकट गेली’ एवढ्यावर होकार देऊ नका. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचे परिणाम लहान वयातच सुरू होतात आणि हाडे तितकी आधी झिजतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्या. तसेच पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लाज न धरता लगेच दवाखाना गाठा.

कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तीस वर्षांवरील सर्वांसाठी ही सोय गावच्या उपकेंद्रात विनामूल्य आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील.

आमच्या सौ.चे मनगट आता जुळले आहे. भाकरी थापताना अजून थोडे दुखते, म्हणून रात्रीचे पीठ मी मळतो. ती रात्री माझ्याबरोबर पानावर बसते, तेही पोटभर. सातबारा आणि माती तपासणीचा कागद ज्या पिशवीत असतो, त्याच पिशवीत आता तिच्या तपासणीचे कागद ठेवले आहेत. तुमच्या घरातील पिशवी आज उघडून पाहा. घरधनिणीचा एकही कागद तिच्यात नसेल, तर या आठवड्यात तेवढे एक काम करा.

(पुढील अंकी: परसात शेवगा कसा लावावा)