खुर्चीगणिक बदलणारे तत्त्वज्ञान

हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधींच्या दिल्लीतील निवासस्थानाबाहेर पाळत ठेवताना आढळले. एवढ्यावरून काँग्रेसने आकांडतांडव केले आणि तिच्याच टेकूवर उभ्या असलेल्या चंद्रशेखर यांना ६ मार्च १९९१ रोजी पंतप्रधानपदाचा राजीनामा द्यावा लागला. नेत्याच्या दारावरील पाळत म्हणजे लोकशाहीवरील घाला, असा तेव्हा काँग्रेसचा आविर्भाव होता. मात्र याच राजीव गांधींच्या सरकारने १९८६ मध्ये नागरिकांची पत्रे अडवून तपासण्याचा व्यापक अधिकार शासनाला देणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेत संमत करून घेतले होते. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही, म्हणून सामान्य माणसाचे पाकीट सुरक्षित राहिले! नेत्याचे दार तेवढे पवित्र आणि जनतेचा पत्रव्यवहार मात्र उघडा, असा हा न्याय होता.

पुढचा अध्यायही याच वळणाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६९ वे कलम व्यापक करणारी दुरुस्ती संपुआ सरकारने डिसेंबर २००८ मध्ये फारशा चर्चेविना संमत करून घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये गृहमंत्रालयाने त्याच कलमाखाली १० यंत्रणांची नावे अधिसूचित करताच, कलमाच्या कर्त्यांनीच हुकूमशाहीची ओरड केली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

तथापि, या दुटप्पीपणावर बोट ठेवणाऱ्यांनी स्वतःचा आरसाही पुसून घ्यावा. राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या दूरध्वनीचा तपशील बेकायदा मिळवल्याचे २०१३ मध्ये उघड झाले, तेव्हा भारतीय जनता पक्षाने खासगीपणाच्या हक्काचा रास्त आग्रह धरला. दोनच वर्षांनी, 'आधार'च्या खटल्यात, त्याच पक्षाच्या केंद्र सरकारचे महान्यायवादी खासगीपणा हा मूलभूत अधिकार नाही असे सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने तो युक्तिवाद फेटाळला.

राज्याला डोळे आणि कान हवेतच. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात सीमेपलीकडील सूत्रधारांचे आवाज आपल्या यंत्रणांनी टिपले, म्हणूनच तो कट जगासमोर सिद्ध करता आला. परंतु राष्ट्राच्या शत्रूवर नजर ठेवणे वेगळे आणि सत्ताधाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवणे वेगळे. कौटिल्याने राज्यकारभारात गूढपुरुषांना मोठे स्थान दिले, पण तीन हेरांच्या वार्ता जुळल्याविना विश्वास ठेवू नये, असेही बजावले. हेरगिरीलाही शिस्त हवी, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते.

आजची शिस्त अपुरी आहे. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगसाठी गृहसचिवांचा आदेश, २ महिन्यांची मुदत व अधिकाऱ्यांची आढावा समिती ही बंधने घातली. न्यायालयीन पूर्वछाननी मात्र, कायद्यात तरतूद नसल्याने, घालता आली नाही. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला, तरी ती उणीव कायम राहिली. अनुमती देणारे सचिव आणि आढावा घेणारेही सचिवच! ज्याच्यावर पाळत ठेवली जाते, त्याला तर कधी कळतही नाही.

आणीबाणीत ज्यांची पत्रे फोडली गेली, ज्यांच्या दारावर साध्या वेशातील पोलीस उभे असत, त्या कुटुंबांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून न्यायालयीन अनुमतीची मागणी सर्वप्रथम त्यांच्याकडूनच उठली पाहिजे. आपल्या विचारांचे सरकार असताना तर अधिकच आग्रहाने. पाळतीचा कायदा लिहिणाऱ्याने एवढेच गृहीत धरावे, की उद्या त्या खुर्चीवर त्याचा कट्टर विरोधक बसणार आहे. त्या विचाराने ज्याची झोप उडत नाही, तोच कायदा राष्ट्रहिताचा.