अर्जात नुसतं "वारं" लिहू नका



आज खताचं, फवारणीचं काही सांगत नाही. आज शब्दाचं सांगतो. एका शब्दानं माझं नुकसान झालं, तसं तुमचं होऊ नये म्हणून.

मागल्या मे महिन्यातली गोष्ट. उजनीच्या पाण्यावर आमची केळी आहे. घड भरत आले होते, तीन आठवड्यांत माल गाडीत गेला असता. सांजच्याला पाचच्या सुमारास उगवतीला आभाळ काळंनिळं झालं आणि वीस मिनिटांत सातशे झाडं आडवी. काही मुळासकट उपटली, बाकीची कमरेत मोडली. सोबत हरभऱ्याएवढ्या गारा पण पडल्या, दोन-चार मिनिटं.

पंचनाम्याला माणूस आला. "काका, कशानं झालं?" मी म्हणालो, "वारं आलं, दुसरं काय!" त्यानं लिहिलं, 'वाऱ्याने नुकसान'. बांधाला बांध लागून चुलतभावाची बाग. तीच वेळ, तेच वारं. त्यानं सांगितलं, "वादळी पाऊस आणि गारा." त्याचं नाव यादीत आलं, माझं नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "नुसता वारा निकषात बसत नाही."

नंतर माहिती काढली. केंद्राच्या मदतीच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. राज्यानं त्यात अवेळी पाऊस आणि वीज धरली. पण सोसाट्याच्या वाऱ्याला तिथं स्वतःची जागा नाही. उलट फळपीक विम्यात केळीला वेगाच्या वाऱ्याचा निकष आहे. म्हणजे वारं केळी पाडतं हे सरकारला ठाऊक आहे. मग विम्याच्या कागदावर चालतं ते मदतीच्या कागदावर का चालत नाही? विमा मी भरला नव्हता, ती चूक माझी. पण वादळी वारा मदतीच्या यादीत आलाच पाहिजे, हे माझं स्पष्ट मत.

आता आपली बाजू. आपण सगळ्यालाच "वारं" म्हणायला लागलो. आमचे वडील तसं म्हणत नव्हते. झुळूक म्हणजे घाम वाळण्यापुरती. उपणायला लागतं ते सरळ, एका अंगाचं वारं. वावटळ म्हणजे चैत्रातली, धुळीचा खांब करून फिरते, कडबा आणि मल्चिंगचा कागद उचलते अन् दोन मिनिटांत बांधापलीकडं जाते. म्हातारी माणसं त्यात भूत बघायची. वळीव म्हणजे दुपारपर्यंत ऊन तापवून मग ढग, विजा, वारं, पाऊस सगळं एकदम आणणारा. आणि वावधान म्हटलं की वडील आधी जनावरं आत घ्यायचे, मग पत्र्यावर दगड ठेवायचे. शब्द ऐकला की काय करायचं ते कळायचं.

टीव्हीवर याच्या उलट. तिथं झाड हललं तरी तुफान, पत्रा उडाला की चक्रीवादळ. हवामान खात्याच्या हिशेबात चक्रीवादळ म्हणजे समुद्रावर तयार होऊन गोल फिरणारी प्रणाली, वारा ताशी 62 किलोमीटर किंवा त्याच्या वर. 3 जून 2020 ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, ते चक्रीवादळ. रोजच तुफान म्हटलं तर खऱ्या दिवशी कोण उठून झाडाला टेकू देणार? माझंच बघा. त्या दिवशी मोबाईलवर संदेश होता, "सोसाट्याचा वारा, ताशी 40 ते 50 किलोमीटर." मी म्हटलं, नेहमीचंच. अंगठ्यानं वर सरकवला. भरल्या घडाच्या केळीला तेवढं वारं पुष्कळ झालं.

म्हणून सांगतो. नुकसान झालं तर अर्जात "वारं आलं" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, वारं कुठल्या अंगानं आलं, किती मिनिटं चाललं, सोबत पाऊस होता का, गारा होत्या का, वीज पडली का, सगळं लिहा. गारा पडल्या तर हातात घेऊन फोटो काढा, विरघळल्यावर कोण मानत नाही. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. विमा असेल तर त्याच दिवशी कळवा, मुदत तासांत मोजतात.

न पडलेल्या गारा लिहा असं मी म्हणत नाही. खोट्यानं पुढच्या खऱ्या माणसाचं नुकसान होतं. माझ्या रानात गारा खरंच पडल्या होत्या. मीच सांगितल्या नाहीत.

यंदा बागेच्या दोन अंगाला शेवरी लावलीय. तुमच्याकडं अशा वाऱ्याला काय म्हणतात, तेही कळवा. खानदेशातल्या केळीवाल्यांनी तर जरूर लिहा.